कुलूपवालीचं नववं प्रकरण

कुलूपवाली तोंडाने फटकळ होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा लवकर करा हो," की ही म्हणणार, "किल्ली हरवलीत तेव्हा मला विचारलं होतंत? आता बसा." तरी लोक तिच्याचकडे यायचे. कारण सरळ होतं. पाच मिनिटांत कुलूप उघडायचं, आणि त्यावर ओरखडासुद्धा नसायचा.

दुकान मूळचं तिच्या वडिलांचं, तात्यांचं. ते गेले आणि तेराव्या दिवशी मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. डावीकडे थोरला भाऊ, उजवीकडे ही. दादाने आपल्या बाजूला पाटी लावली, 'तात्यांचे एकमेव वारस'. बहीण पलीकडे हाताच्या अंतरावर कानशी घासत बसलेली, आणि हा म्हणे एकमेव! "बाईमाणसाकडून कुलूप उघडून घेणार कोण?" असं तो तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. त्यानंतर चौदा वर्षं दोघांत चकार शब्द नाही. त्याने भिंतीवर एकदा ठोकलं की हिने दोनदा ठोकायचं, एवढंच काय ते बोलणं.

तात्या स्वतः कुलपं घडवायचे. पितळेची, आत पाच खटके असलेली. त्यातले चार तारेने कुणीही उचलावेत, पण पाचव्यात तात्यांची गोम होती. ती त्यांनी दोघांपैकी एकालाच सांगितली होती. दादा गावभर सांगायचा, मला. ही ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही. एरवी वाऱ्याशी भांडणारी बाई इथेच गप्प कशी, असं कुणाच्या मनात आलं नाही. आता कुणी त्या जुन्या कुलपाची किल्ली हरवून आलं, तर दादा म्हणायचा, "गंजलंय हो, कापावंच लागेल," आणि करवत काढायचा. भिंतीपलीकडे करवतीची करकर सुरू झाली की ही गालातल्या गालात हसायची.

दादाची मुलगी मात्र भिंत मानायची नाही. शाळा सुटली की दप्तर बापाकडे टाकायची आणि मागच्या बोळातून आत्याच्या दुकानात शिरायची. दादाला ते दिसायचं आणि तो न दिसल्यासारखं करायचा. पोरीला आत्यापासून तोडण्याइतका तो वाईट नव्हता, हे जिवावर आलं तरी कबूल करायला हवं.

या धंद्यात एक रीत आहे. कारागीर कुलपात तार घालतो तेव्हा गिऱ्हाईकाने पाठ फिरवायची. नवरा-बायको असोत नाहीतर साहेब असो, कुलूपवाली बोट फिरवून खूण करायची आणि भले भले भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. भाची तेवढी समोर स्टुलावर बसून टकामका बघायची. तिला आत्याने कधी म्हणून खूण केली नाही. मूलबाळ नसलेल्या बाईचं सगळं सुख त्या स्टुलावर होतं म्हणा ना.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोष्ट चालायची. सोळा वर्षांची एक मुलगी, गोदामात कोंडून ठेवलेली तिची मैत्रीण, आणि एक गोडबोल्या काका. काका विचारात पडला की किल्लीने कान कोरायचा. भाची खुदकन हसली.

"आत्या, हे तर आमचे बाबा!"

"छे गं. तुझे बाबा विचार कधी करतात?"

"जा बाई! बरं, पुढे काय झालं ते सांग."

त्या 'पुढे काय'पायी कादंबरी झाली. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर, किल्ल्यांच्या भुशाने माखलेल्या बोटांनी आत्याने एकवीस प्रकरणं लिहिली. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाने ती घेतली, नाव ठेवलं 'पाचवा खटका', आणि पोरं तिच्यावर तुटून पडली. नवव्या प्रकरणात मुलगी काकाच्या गोदामाचं पितळी कुलूप तारेने उघडते. चार खटके उचलते, पाचवा दाबते, आणि खट्! तेवढं पान वाचायला वर्गात मारामाऱ्या व्हायच्या. दुकानासमोर सह्या घ्यायला रांग लागली. दादाच्या गिऱ्हाइकांना त्या रांगेतून वाट काढत जावं लागायचं.

झालं! दादाने पुस्तक मागवलं, वाचलं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कान कोरणारा काका त्याने गिळला असता कदाचित. पण नववं प्रकरण वाचून तो थेट कुलूप कारागीर संघटनेत गेला. घराण्याची विद्या छापली, शेकडो कपाटं उघड्यावर टाकली, हिचं संघटनेचं कार्ड काढून घ्या, म्हणाला. कार्ड गेलं की संपलंच. या धंद्यात कार्ड असेल तर कारागीर, नसेल तर दुसऱ्याच्या दाराशी तार घेऊन उभा असलेला चोर. कुलूपवालीला दुसरं काही येत नव्हतं, आणि कादंबरीवर कुणाचं पोट भरत नाही.

रविवारी सकाळी सभा भरली. अध्यक्षस्थानी शटर बसवणारे म्हातारबुवा, समोर पन्नास-साठ कारागीर. भाची शेवटच्या रांगेत, मांडीवर पुस्तक. दादाने तात्यांचं एक कुलूप टेबलावर आदळलं.

"तात्यांनी मरताना मला जे सांगितलं, ते अक्षर न अक्षर हिने छापलंय! उद्या कुणाच्या घरी चोरी झाली तर जबाबदार कोण?"

"बरोबर आहे!" मागून आवाज आले. "हिला हाकला! लाज नाही वाटत?"

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "बाई, काही म्हणायचंय?"

खरं तर तिला एवढंच म्हणता आलं असतं, की अहो, प्रकरण मी मुद्दाम चुकीचं लिहिलंय. मी काय तात्यांची विद्या चव्हाट्यावर मांडीन? अध्यक्षांना बाजूला घेऊन कानात सांगितलं असतं तरी कार्ड वाचलं असतं. पण त्या 'अक्षर न अक्षर'ने तिचं डोकं फिरलं. चौदा वर्षं सोसलेली ती पाटी, ती करवत, ते 'बाईमाणूस'. तिला दादाचा चेहरा बघायचा होता.

"पुस्तकातल्यासारखं उघडून दाखवायला सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"त्यात काय!" दादाने तार काढली. रीतीप्रमाणे सभेने पाठ फिरवली. कुलूपवाली तेवढी समोर बघत राहिली. एक, दोन, तीन, चार खटके त्याने सफाईने उचलले. हात चांगलाच होता त्याचा. मग पाचवा दाबला. कुलपात कट्ट वाजलं. तार पुढे जाईना, मागे येईना.

घामाघूम झाला बिचारा. ओढतोय, पिळतोय. एकेक कारागीर माना वळवू लागला. कुलपातून लोंबणारी तार सगळ्यांनी पाहिली.

"पाचव्याला हात लावायचाच नसतो," कुलूपवाली म्हणाली. "तो चोरखटका आहे. दाबला की सगळं जाम. तात्यांनी तुला कधीच काही सांगितलं नव्हतं, दादा."

चौदा वर्षांत तिने त्याला मारलेली ही पहिली हाक.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. "म्हणून करवत होय!" एकजण ओरडला. दादाने किल्ली काढली, कानाकडे नेली, आणि तसाच हात खाली घेतला. कार्ड तिच्याकडेच राहिलं. लोक तिची पाठ थोपटत होते, आणि तिच्या कानात तात्यांचं शेवटचं बोलणं घुमत होतं. "त्याला म्हणू दे मलाच सांगितलं म्हणून. तुला विद्या दिली, त्याला निदान अब्रू राहू दे." हो म्हणाली होती ती तेव्हा, तात्यांचा हात हातात घेऊन. चौदा वर्षं पाळलेला शब्द एका मिनिटाच्या मजेसाठी घालवला. मूर्ख बाई! तिने मागे पाहिलं तर शेवटच्या रांगेतली भाचीची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडून कानशीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने भिंतीवर दोनदा ठोकून पाहिलं. बाहेर दादाची पाटी काढलेली होती, तिथे फक्त चार खिळे उरले होते.

चौथ्या दिवशी भाची आली. बोळातून नाही, समोरून, गिऱ्हाईक येतं तशी. हातात ते जाम कुलूप, तार अजून आतच.

"बाबांनी विचारलंय, हे उघडून मिळेल का?"

"मिळेल का म्हणजे? बस की," आत्याने घाईघाईने फडक्याने स्टूल पुसलं. "जेवलीस का गं? बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

पोरगी बसली नाही. आत्याने बारीक तार घेतली, कुलूप दिव्याखाली धरलं. "ये, जवळ ये. नीट बघ आता. जाम झालेलं कसं सोडवायचं, हे मी कुणाला दाखवलेलं नाही. तुला दाखवणार होतेच एक ना एक दिवस."

ती मान खाली घालून बोलत होती. तार आत सरकवण्याआधी तिने वर पाहिलं. भाची स्टुलापलीकडे, प्लायवूडकडे तोंड करून, पाठ फिरवून उभी होती.

"अगं, तुला कुणी सांगितलं तोंड फिरवायला?"

"रीत आहे ना," भाची म्हणाली. "उघडलं की सांगा."

सांगा, म्हणाली. जन्मल्यापासून आत्याला ती 'तू' म्हणत आली होती.

कुलूपवालीने कुलूप उघडलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.