छतातला कापूस

गादीवाल्या मावशीचं अर्धं आयुष्य कापूस झोडपण्यात गेलं होतं. हात लाकडासारखे, जीभ त्याहून कडक. ती राहायची ती इमारत पूर्वी गोदाम होती. मालकाने मधे तुळया टाकून, फळ्या ठोकून वरखाली खोल्या पाडल्या होत्या. वरच्याची जमीन तेच खालच्याचं छत.

वर ट्रकवाला आणि त्याची बायको. तो तिला भिंतीवर आपटायला लागला की मावशीच्या चहात माती पडायची. मग मावशी कापसाची काठी छतावर दणादणा हाणायची. "ऐकू येतंय रे, मुडद्या." की वर शांत. त्याला लाज नव्हती, पण बभ्र्याची धास्ती होती.

शेजारणींना दोन्ही आवाजांचा वीट आला. "मावशी, मुलांचे अभ्यास आहेत हो. घरचाच कापूस आहे, छत भरून टाका की, आवाज दबेल." ट्रकवाल्याने स्वतः फळ्या आणून दिल्या, स्टूल धरून उभाही राहिला. मावशीला वाटलं, सुधारला मेला. तिने तुळयांच्या मधे जुना कापूस गादीसारखा ठासला आणि खालून फळ्या ठोकल्या. इमारत गप्प झाली.

आठवड्याभराने वरची बायको उशी भरून घ्यायला आली. पुढचे दोन दात नव्हते, एक डोळा सुजून मिटलेला.

"हे काय गं?"

"काठी नाही वाजवलीत. मी किती ओरडले."

"मला ऐकूच आलं नाही, पोरी."

"तो तेच म्हणत होता. ओरड, तुझी मावशी बहिरी झालीय."

मावशीने स्टूल ओढलं. स्टुलावर चढून तिने एकेक फळी उपटली. कापूस, धूळ, गंजके खिळे, सगळं अंगावर घेतलं. तेवढ्यात वर बूट वाजले. "कुठे उलथलीस?" आणि ट्रकवाला जिना उतरून आत आला, बायकोचे केस धरून तिला उंबऱ्याकडे ओढू लागला.

मावशीची पहिली काठी त्याच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचं दोघींना ऐकू आलं. दुसरी गुडघ्यावर. तो कापसात तोंडावर पडला, तरी मावशी थांबेना. गादी झोडपावी तशी तिने त्याची पाठ झोडपली. तोंडातून रक्त आणि कापूस एकदमच बाहेर आला.

शेजारणी दारात गोळा झाल्या. "अहो मावशी, केवढा हा आवाज."

"आता रोजच येईल," मावशी धापा टाकत म्हणाली. "ही माझ्याकडे राहणार आहे. दोघी मिळून कापूस झोडपू."