चित्रावरचा मोबाईल नंबर

मलकापुरात स्टेशनमागे जाकीर पिंजाऱ्याचे गादीघर आहे. एरवी यंत्रावर कापूस पिंजायचा आणि लग्नकार्यात ढोलकीवर स्वतः रचलेली गाणी म्हणायची, असा त्याचा वीस वर्षांचा क्रम. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी खाल्ली आणि लोकांनी नव्या गाद्या पुढच्या वर्षावर टाकल्या. आता गाण्याची बोलावणी वाढली तरच घर चालणार होते. म्हणून जाकीरने ‘बोंडअळीची वरात’ हे गाणे रेकॉर्ड केले. मार्गशीर्षातल्या लग्नांआधी ते मोबाईलवरच्या गाण्यांच्या दुकानांत, म्हणजे गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर, लागायला हवे होते.

या दुकानांत गायकाला थेट जाता येत नाही, मधल्या कंपनीकडे अर्ज करावा लागतो. गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे, प्रकाशनाची तारीख आणि गाण्यासोबत दिसणारे एक चौकोनी चित्र. चित्रावर जाकीरने आपला फोटो, नाव आणि मोठा मोबाईल नंबर टाकला. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात माझा जन्म असल्या कागदांत गेला, म्हणून जाकीरचा अर्ज मी भरला. चौथ्या दिवशी तो परत आला. कारण दिले होते: चित्रावर मोबाईल नंबर चालत नाही.

“नंबर काहाडला तं लोक मले बलावतीन कसे?” जाकीर म्हणाला. “बँडवाल्याच्या बोर्डावर नावाहून नंबर मोठा रायते, साहेब!”

त्याने नंबर बारीक केला. अर्ज पुन्हा परत.

त्याची बायको अमीरबी चहा ठेवता ठेवता मला म्हणाली, “याईचा फोटो काहाडा अन् नंबर राहू द्या. नंबर तरी दिसायले बरा हाये.”

“चूप राय वं!” जाकीर हसला. मग ढोलकी पुढे ओढून त्याने शेवटचे कडवे बदलले. अळीची वरात रस्ता चुकते आणि विचारत विचारत मलकापूर टेसनामागे, जाकीर पिंजाऱ्याच्या दारात येते. गाणे नव्याने रेकॉर्ड झाले, चित्रावरचा नंबर गेला, नाव राहिले. तिसरा अर्ज मंजूर झाला.

गाणे लागून आठ दिवस झाले नाहीत तोच धामणगाव बढ्याहून वामनराव नावाचे शेतकरी विचारत विचारत गादीघरात आले.

“जाकीर पिंजारी तुमीच काय? पोरीचं लगन हाये. किती कडवी हायेत त्या गान्यात?”

“सात.”

“आमच्या वावरात अळ्या लय झाल्या. आठवं कडवं आमच्या गावाचं पायजे.”

“मांडवातच करतो,” जाकीर म्हणाला. “तारीख सांगा.”