चहा विचारायला शिकवणाऱ्या बाई

त्या बाई एक वाक्य बोलून इतका वेळ थांबायच्या की तेवढ्यात एसटी मोखाड्याला जाऊन परत यावी. मला त्या सरकारी हेरच वाटायच्या. खरं तर त्या जव्हार स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसून एका स्वमग्न तरुणाला गिऱ्हाइकांशी बोलायला शिकवायच्या. तक्रार आली नाही, तरच त्याचं काम टिकणार होतं.

त्यानं मला विचारलं, “चहा?”

“छे, कशाला!” मी रीतीप्रमाणे म्हणालो.

तो सरळ निघून गेला. आग्रहसुद्धा नाही! मी तक्रार करायला मालकाकडे निघालो, तर बाई आडव्या आल्या.

“भाऊ, चहा हवा होता?” थांबल्या. “मग तसं सांगा. तो तुमचं बोलणं खरं मानतो.”

माझं बोलणं खरं मानणारा तालुक्यात तो पहिलाच. मी ओरडलो, “हवाय रे!”

त्यानं चहा आणला. बाई म्हणाल्या, “शाब्बास!”

कोणाला, ते अजून सांगत नाहीत.