घासूचं फाटक

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे घासू म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि का ठेवू नये? मी रंगारी, ती माझी घासणारी. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचं, वर प्रायमरचा हात द्यायचा, एवढं तिचं काम. मग मी रंग मारणार आणि लोक म्हणणार, वा, काय हात आहे! तिची मेहनत रंगाखाली गडप.

एक दिवस आमच्या या घासू बाईसाहेबांचं डोकं फिरलं. गोदामाच्या फाटकाला दर वर्षी पोपडे यायचे, म्हणून तिथल्या साहेबांनी ठरवलं, फाटकाचं एक दार एका रंगाऱ्याला, दुसरं दुसऱ्याला. ज्याचा रंग घट्ट बसेल त्याला गोदामाचं सगळं लोखंडकाम. एक दार गेलं तुफानकडे. हा आमच्या धंद्यातला घाईचा महामेरू. दुसरं माझं, तर घासू मध्येच म्हणाली, "हे मी करणार. सगळं. हरले तर जन्मभर तुझं घासेन, ब्र काढणार नाही. जिंकले तर मी रंगारी आणि तू घासायचं."

"चालेल," मी म्हणालो. म्हटलं, चला, रोजची कटकट मिटली!

तिने दार असं घासलं की लोखंड चांदीसारखं उघडं पडलं. तोवर ऊन कललं, हवेत ओल आली. ओल्या हवेत प्रायमर लावत नाहीत, म्हणून तिने दारावर कोरडी चादर टाकली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. लेकीचं कौतुक उतू चाललेलं; आमची पाठ वळताच तिने चादर उचलली आणि दारावरून हात फिरवला.

सकाळी चादर काढली, तर लोखंडावर पाच बोटं आणि तळवा, गंजाने छापल्यासारखे! घामाचा हात लागला की असंच होतं.

"अगं बाई, माझ्याच हातानं तुझं वाटोळं केलं गं," आई रडकुंडीला आली.

"मार त्यावर प्रायमर," मी म्हणालो. "खालचं कोणाच्या बापाला दिसतंय?" शेजारी तुफान गंजावरच रंग चोपडून मोकळा झाला होता, वर दात काढत होता.

"गंज आतून खातो, दादा. तुझं घासून घासून एवढं तरी कळलंय मला." तिने पुन्हा पॉलिश पेपर घेतला. घासलं, पुसलं, उन्हं चांगली वर आल्यावर प्रायमर लावला. तो वाळल्याशिवाय रंगाचा डबासुद्धा उघडला नाही.

दोन्ही रंग पक्के वाळल्यावर साहेब आले. ब्लेडने तुफानच्या दारावर बारीक चौकटी ओरखडल्या, त्यावर चिकटपट्टी दाबली आणि खस्सकन ओढली. पट्टीसोबत तळहाताएवढा पोपडा आला, खाली गंजच गंज.

"ब्लेडच खराब आहे!" तुफान म्हणाला.

मग आमचं दार. साहेब कडेला ओरखडणार, तोच ही शहाणी म्हणते, "तिथे नको. इथे करा." आईचा हात उमटला होता नेमकी ती जागा! आईने डोळे गच्च मिटले.

खस्सकन पट्टी निघाली. कोरी करकरीत! रंगाचा कणसुद्धा नाही. अरे, मी हरलो होतो आणि शिट्टी मीच मारली!

"काम तुमचं," साहेब तिला म्हणाले.

घासूने तारेचा ब्रश माझ्या हातात कोंबला. "कोपरे सोडायचे नाहीत हं, दादा."

आई अजून लांबच उभी होती, हात पदरात गुंडाळून. "आता लावू का गं हात?"

"लाव की. दोन्ही लाव."

आईने दोन्ही तळवे दारावर टेकले, आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत.