मावशीचं भिंतीएवढं पुस्तक

सुमनमावशी गेल्याचं सांगायला काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोन आला, तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो. बातमी सांगून ते थांबले आणि म्हणाले, "अर्धं पुस्तक ऱ्हायलं रं तिचं…" मला हुंदका आला आणि त्यातच हसूही फुटलं. या गृहस्थांनी कालपरवापर्यंत उभ्या जन्मात जमिनीच्या जाहिरातींपलीकडे काही वाचलं नव्हतं!

मावशी मात्र वाचनवेडी. डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला, छापील अक्षर दिसेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वाचन विसरा." दवाखान्याच्या पायरीवरच तिनं मला फर्मावलं, "ते विसरू देत. तू मोठी अक्षरं शोध."

शोधली! एका संकेतस्थळावरून फुकट पुस्तक उतरवलं, तर निघाले पानांचे फोटो. फोनवर मोठं करावं, तर ओळ बाहेर. मावशी म्हणे, "अरे, वाक्य शेपूट घेऊन पळालं!" मग माझ्या लेकीचा जुना ई-रीडर आणला. त्यात मराठीच्या जागी नुसते चौकोन. "फरशी वाचतं का रे कुणी?" शेवटी एका अ‍ॅपवर कादंबरी विकत घेतली, अक्षर ताणलं, फोन टीव्हीला जोडला आणि… भोसरीच्या त्यांच्या घरातल्या हॉलमध्ये लाडवाएवढी अक्षरं झळकली! मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं मावशीनं पहिलं वाक्य खणखणीत वाचलं आणि स्वतःच टाळी वाजवली.

पंचाईत झाली काकांची. बातम्या गेल्या, मॅच गेली. "ह्यो टीव्ही हाय का शाळेचा फळा?"

"शाळा बुडवली होतीत ना? बसा आता."

बसले बिचारे, धुसफुसत. पण एका दुपारी मी गेलो, तर मावशीला डुलकी लागलेली आणि काका ओठ हलवत, एकटेच पानं सरकवताहेत. मला बघून दबक्या आवाजात म्हणाले, "तिच्या म्होरं गेलोय. बोलू नगंस!"

तेराव्याची जेवणं उरकली. कुणीतरी पुरुषमंडळींसाठी मॅच लावली. काकांनी रिमोट काढून घेतला, फोन टीव्हीला जोडला. "मॅच मागनं. तिचं अर्धं ऱ्हायलंय." आणि भरल्या हॉलमध्ये, बोटानं हवेत ओळ धरून, अडखळत ते मोठ्यानं वाचू लागले. पान संपलं, काका फोन खाली ठेवू लागले… तशी माझी आई, मावशीची धाकटी बहीण, डोळे पुसत ओरडली, "लावा की पुढचं, भावजी!"

त्या रात्री उशिरा कादंबरी संपली. दुसऱ्या दिवशी काकांनी नवी घेतली.

आता दुपारी त्यांच्याकडे गेलात, तर बेल एकदाच वाजवा. दार लगेच उघडणार नाही. पान संपल्यावर उघडेल.