सुधाकरची गाडी किती उचलायची?

गॅरेजवर आलेली गाडी दुरुस्त होऊन निघून जाते. गिऱ्हाईक मात्र चहाला थांबतं आणि काहीतरी सांगून जातं. रिसोडच्या आमच्या गॅरेजात असलं सांगणं इतकं साचलंय की स्पेअरपार्ट ठेवायला जागा उरली नाही! यंदाच्या उन्हाळ्यात तर एकट्या सुधाकरच्या गाडीनं महिनाभर करमणूक केली.

सुधाकर रिठदकडचा, माझा जुना दोस्त. घर शेतात, आणि डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर काळ्या मातीची पांदण. गेल्या पावसाळ्यात त्याची फोर बाय फोर पिकअप चिखलात पोट टेकवून बसली. चारही चाकं नुसती फिरत होती, शेवटी ट्रॅक्टरनं ओढली. यंदा श्रावणात त्याच्या बायकोचं, संगीताचं बाळंतपण होतं. पहिला मुलगा माहेरी झाला, आता दुसरं सासरी. म्हणजे कळा सुरू झाल्या की तीच पांदण आणि तीच गाडी!

म्हणून गडी लिफ्ट किट बसवायला आला. उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप, म्हणजे गाडी जमिनीपासून वर.

"किती उचलू?" मी विचारलं.

त्यानं छातीच्या उंचीवर हात धरून दाखवला.

"लेका, गाडी उचलाची हाय का माडी बांधाची हाय?"

* * *

आमच्या बाकावर रोज पेपर वाचायला एक रिटायर गुरुजी येतात. त्यांनी लगेच पुतण्याचा किस्सा काढला. पुतण्यानं जीप चार इंच उचलली. घरी नेली तर टिनाच्या शेडात शिरेना! शेड कोण उंच करत बसणार? त्यानं शेडातली जमीनच वीतभर खोदली. जीप आत गेली. पंधरा दिवसांनी पाऊस आला आणि साऱ्या आवाराचं पाणी शेडात!

"अख्ख्या शिवारात कुठी नाही फसली," गुरुजी म्हणाले, "अन् घरात फसली!"

* * *

आमचा वेल्डर रफीकभाई म्हणाला, उंचीचं सोडा, कडकपणाचं बघा. त्याच्या एका गिऱ्हाइकानं 'मजबूत पाहिजे' म्हणून स्प्रिंगांचे भलतेच कडक पाटे टाकले आणि सासऱ्याला घेऊन मंगरूळपीरला निघाला. पहिल्या दोन खड्ड्यांतच सासऱ्यानं कवळी काढून खिशात ठेवली. उतरल्यावर परत बसवली आणि म्हणाला, "जावईबापू, गाडी लय मजबूत हाय. येतानी मी एसटीनं येतो!"

आम्ही सगळे हसलो. सुधाकरचा एकच प्रश्न: "पण ते गाडी चिखलात फसली काय?"

* * *

मग सुधाकरनं पुण्याच्या एका किटवाल्याला फोन लावला. तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "सर, ऑफ-रोडिंग कुठं करता? वीकेंडला जाता का?"

"कायची ऑफ-रोडिंग? घरी जातो!"

"तसं नाही सर, म्हणजे हौस म्हणून..."

"हौस कायची बे भाऊ! रोज दूध घालाले जातो!"

मग तो म्हणाला, "सर, तुम्ही सहा इंचवालं घ्या."

सुधाकर खूश!

* * *

मला सहा इंच पटेना. गाडी वळणावर डुलणार. म्हटलं, "बसणारीले तरी इचार."

दुसऱ्या दिवशी तो संगीतावहिनींना घेऊन आला. सातवा महिना. मी चारही चाकांखाली इंचाइंचाच्या फळ्या रचल्या. सहा फळ्यांवर वहिनींचा पायच पोचेना. चारवर सुधाकरनं हात देऊन चढवलं.

"जमलं!" तो ओरडला.

वहिनी खाली उतरल्या. "त्या दिवशी तुमी अगोदर स्टेअरिंगवर जाऊन बसान अन् हॉर्न वाजवान. मले मालूम नाही काय? मले एकटीले चढता आलं पाह्यजे."

"मंग पायदान लावू नं!"

"तेच पयले चिखलात टेकीन," मी म्हणालो.

तीन फळ्यांवरही जमेना. दोनवर वहिनी दाराला धरून एकट्या चढल्या आणि सीटवर ऐसपैस बसल्या.

"दोन इंचानं काय होते वं?" सुधाकर अगदी रडवेला झाला.

"गाडी वर अन् मी खाली राह्यली, त काय उपेग?"

दोन इंच ठरलं.

* * *

श्रावणात तीन दिवस पावसाची झड लागली. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. दोन इंचांना मीही मान डोलावली होती ना! चौथ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय, तर सुधाकरचा फोन.

"मिस्तरी, नाही टेकली!"

"कुठून बोलून राह्यला?"

"दवाखान्यातून! काय सांगू तुले, पोटरीपर्यंत चिखल. फोर बाय फोर लावलं, पयला गिअर टाकला, अन् ॲक्सिलेटरवरचा पाय हलवलाच नाही. नाल्यापाशी वाटलं, आता बसते. नाही बसली! बाभळीपाशी मागचं चाक सरकलं, म्हटलं मेलो. तिथूनबी निंघाली! उजाडल्यावर खाली वाकून पाह्यलं, पोटाले घासल्याची खूणबी नाही!"

"अबे सुधाकर," मी ओरडलो, "वहिनी कशी हाय?"

"हाय नं बाजूले. पोरीले पाजून राह्यली!"