तागाच्या दारांचा वास

माझे धाकटे दीर मोटारींची दारं हुंगायचे. हसू नका, त्याचा पगार मिळायचा. दाराच्या आतल्या बाजूला आपण कोपर टेकवतो ना, ती फळी त्यांच्या कारखान्यात ताग आणि अंबाडीच्या धाग्यांची व्हायची. धाग्यांत प्लॅस्टिक मिसळून गादीसारखा थर करायचा, तापवायचा, साच्यात दाबायचा. फळी हलकी आणि मजबूत. खोड एकच, ताग पाणी पितो. भट्टीत नीट वाळला नाही तर आत बुरशी धरते आणि गाडी उन्हात तापली की कुबट वास सुटतो.

म्हणून ही तपासणी. फळीचा तुकडा काचेच्या बरणीत तापवायचा, झाकण किलकिलं करून तिघांनी हुंगायचं आणि एक ते सहा गुण द्यायचे. एक म्हणजे वास नाही, सहा म्हणजे पळा. तीनच्या वर गेलं की माल बाद. एकमेकांकडे न बघता लिहायचं, असा नियम. प्रत्यक्षात बरोबरच्या दोघी आधी भाऊजींच्या कागदात डोकावायच्या. त्यांचं नाक कधी चुकलंच नव्हतं, मग आपलं कशाला चालवा?

एका सकाळी दूध पातेल्याला लागलं. मी जिन्यावरून धावत आले, तर भाऊजी शेगडीशेजारी निवांत पेपर वाचतायत.

"भाऊजी, नाक गहाण टाकलंत की काय?"

"सर्दी आहे, वहिनी."

तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. व्हॅनिला इसेन्सची उघडी बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्या नाकाखाली धरली. "काय आहे यात?"

"पाणी."

मी फडकं सोडून बाटली दाखवली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. "निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, वहिनी. कळलं तर पुन्हा धागे पिंजायला पाठवतील. त्या धुळीनेच तर नाक खाल्लं माझं."

"कारखान्यात सांगून टाका," मी म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही. आणि मीही तोंड शिवून बसले, हेही लिहायला हवं.

दोन महिन्यांनी भट्टीवाला त्यांच्याकडे आला. तीस वर्षं दोघं एका डब्यात जेवलेले. "गठ्ठे ओले आलेत, आणि वरून घाई लावलीय. पुरेसं वाळवू देत नाहीत. माझं कोण ऐकतंय! तू नीट हुंग आणि बाद कर."

भाऊजींनी बरणी हुंगली. दोन लिहिले. दोघींना ओल्या गोणपाटाचा वास आला होता, पण कागदावर दोन दिसले, त्यांनीही दोन लिहिले.

उन्हाळ्यात सहाशे दारं परत आली.

चौकशीत तीन कागद निघाले. दोन, दोन, दोन. म्हणजे तपासलेला तुकडा कोरडा होता. म्हणजे बाकीचा माल भट्टीवाल्याने अर्धवट वाळवून काढला. साहेबांचा हिशेब इतका सरळ.

"मी सांगितलं होतं," भट्टीवाला म्हणाला.

"कोणाला?"

त्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी टेबलाकडे बघत होते.

"आठवत नाही," तो म्हणाला. आठवड्यात त्याला काढलं.

भाऊजी मुदत भरून निवृत्त झाले. निरोपाला घड्याळ मिळालं, भाषणं झाली, नाकाचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, चला माझ्याबरोबर. एकट्याचे पाय उचलत नाहीत."

भट्टीवाल्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत गेली. तो खाटेवर बसला होता. भाऊजींनी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "चौकशीच्या आदल्या आठवड्यात माझ्या डब्यातली आमटी नासलेली होती. मी झाकण लावायला गेलो, तोवर तू निम्मी संपवलीस. वर म्हणालास, माझ्या बायकोच्या हाताला चव आहे."

"मग चौकशीत बोलला का नाहीस, लेका?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

त्याने आम्हाला बसायला सांगितलं नाही.